बोरघाटाच्या लोहमार्गाचे मजूर व पटकीची सांथ (इ. स. १८५६–१८६३)

१

बोरघाटाच्या लोहमार्गाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे त्यांत दोन प्रकारचे आकडे आढळतात. पहिला प्रकार दगडाचा. मार्गाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, एकंदर चढ १,८३१ फूट, अत्यंत खडा चढाव ३७ फुटांस एक फूट, बोगदे २५, फोडलेला कातळ सुमारें ५ कोटि ४० लक्ष घनफूट. हे आकडे एका पुस्तकांतून दुसऱ्यांत फारसा फरक न पडतां उतरत आले आहेत, कारण ते मोजणीचे आहेत. दुसरा प्रकार माणसांचा. ह्या कामावर किती मजूर मेले असें विचारल्यास अलीकडील कांहीं ग्रंथकार सुमारें २५,००० असें उत्तर देतात. परंतु हा आकडा अनुमानाचा आहे, नांवनिशीवार मोजणीचा नव्हे. कातळ मोजला गेला, कारण कामाची किंमत त्यावर ठरत होती. मजुराच्या मरणावर कोणाचीच किंमत ठरत नव्हती, म्हणून तें मोजण्याचें काम कोणाकडेंच नव्हतें.

प्रस्तुत लेखांत घाटाच्या बांधणीचा समग्र इतिहास सांगण्याचा हेतु नाहीं. एवढाच मुद्दा मांडावयाचा आहे कीं, सांथीच्या काळांत बांधकामावरील मजुरांचें रक्षण वैद्यकाच्या ज्ञानावर अवलंबून असतें हें खरें. परंतु त्या ज्ञानाचा लाभ मजुरास मिळणें न मिळणें हें त्याची गणती करण्याचें दायित्व कोणावर आहे ह्यावर अवलंबून असतें. बोरघाट हें ह्याचें आपल्या प्रांतांतील सर्वांत मोठें उदाहरण आहे.

२

घाटाचें काम इ. स. १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कली हा होता. पहिला मक्ता विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल ह्यानें घेतला. मुंबई–ठाणें मार्गाचें काम ज्या फॅव्हिएल व फाउलर ह्यांनीं केलें त्यांपैकींच हा एक होय. त्याच वर्षीं कोंकणांतून खोपोलीपर्यंत गाडी आली व ता. १४ जून १८५८ रोजीं खंडाळें ते पुणें हा वरचा मार्गहि खुला झाला. म्हणजे दोहों बाजूंस आगगाडी आणि मध्यें तेवढा घाट, अशी स्थिति उत्पन्न झाली. प्रवाशांनीं खालीं उतरावें, पालखींतून किंवा बैलगाडींतून घाट चढावा व वर पुनः गाडींत बसावें. मध्यें राहिलेल्या ह्या तुकड्यामुळें दोन्ही बाजूंच्या मार्गांचें उत्पन्न अडून राहिलें होतें, आणि घाटावर जी घाई दिसते तिचें मूळ ह्यांत आहे.

इ. स. १८५६ मध्यें कामावर सुमारें १०,००० माणसें होतीं. पुढील वर्षीं तीं २०,००० झालीं. जानेवारी १८५९ मध्यें मजुरीच्या कारणावरून घाटावर दंगा झाला, व त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत फॅव्हिएलनें मक्ता सोडला. कांहीं काळ कंपनीच्या इंजिनियरांनीं काम चालविलें. नंतर सॉलोमन ट्रेडवेल ह्यास मक्ता देण्यांत आला. परंतु १८५९ च्या अखेरीस तो ह्या देशांत आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी होऊन मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें मक्ता सोडला नाहीं. अॅडमसन व क्लाउझर ह्या इंजिनियरांच्या हातीं व्यवस्था देऊन तिनें तो पार पाडला. जानेवारी १८६१ मध्यें मजुरांची संख्या ४२,००० च्या वर गेली होती. ता. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यानें मार्ग खुला केला. बर्कली तो दिवस पाहावयास नव्हता; आदल्या वर्षीं विलायतेंत त्याचा अंत झाला होता.

४२,००० माणसें म्हणजे त्या काळचें एक शहरच होय. परंतु हें शहर कड्यांवर व दऱ्यांत, गवताच्या व फांद्यांच्या झोपड्यांतून वसलेलें, आणि त्यास ना कोतवाल ना पाणोठ्यावर पहारा. मजूर टोळीटोळीनें येत. बायका व मुलेंहि पाट्या वाहत. टोळीवर मुकादम, मुकादमावर पोटमक्तेदार, त्यावर मुख्य मक्तेदार, त्यावर कंपनी व कंपनीवर सरकारी देखरेख अशी उतरंड होती. अशा उतरंडींत प्रत्येकास खालच्याकडे बोट दाखवितां येतें. मजूर कंपनीच्या कामावर मरे. पण तो कंपनीचा चाकर नसे. जो त्यास नांवानें ओळखत होता तो मुकादम तेवढा. आणि मुकादमाच्या वहींत तो हजर किंवा गैरहजर ह्यापलीकडे लिहिण्याचें कारण नव्हतें.

३

ज्या काळांत हें काम चाललें तो पटकीच्या तिसऱ्या जागतिक सांथीचा काळ होय. ही सांथ सामान्यतः इ. स. १८४६ ते १८६० ह्या वर्षांत धरतात. घाटावर १८५९–६० च्या हंगामांत तिनें मोठी हानि केली. सह्याद्रीचा हा भाग पटकीस कसा अनुकूल आहे हें पाहण्यासारखें आहे. खंडाळ्याच्या बाजूस पावसाळ्यांत दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून त्या चार महिन्यांत बोगद्यांच्या आंतलें काम तेवढें चालूं शके आणि उघड्यावरील सर्व काम उरलेल्या आठ महिन्यांत उरकावें लागे. परंतु हा सर्व पाऊस काळ्या कातळावरून वाहून जातो व उन्हाळ्यांत झरे आटतात. ज्या महिन्यांत मजूर सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत पाणी सर्वांत कमी. एकाच डबक्यावर पिणें, धुणें व आंघोळ. वरच्या अंगास वस्ती, खालच्या अंगास पाणवठा. अशा ठिकाणीं पटकीचा एक रोगी आला म्हणजे पुढें काय होतें हें आज कोणासहि सांगावयास नको. ह्या रोगांत शरीरांतील पाणी व क्षार कांहीं तासांत निघून जातात, आणि सकाळीं पहार घेऊन उभा असलेला मनुष्य सायंकाळीं नाहींसा होतो.

त्या वेळीं हें ज्ञान नव्हतें, म्हणून कोणास दोष देतां येत नाहीं, असें म्हटलें जातें. ह्या म्हणण्यांत अर्धेंच सत्य आहे. पटकीचा जंतु रॉबर्ट कॉख ह्यानें १८८४ मध्यें निर्णायकपणें पुढें मांडला, आणि बहुतेक डॉक्टर १८६० मध्यें दूषित हवेसच कारण मानीत, हें खरें. परंतु जॉन स्नो ह्यानें लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें पाणी व पटकी ह्यांचा संबंध १८५४ मध्येंच दाखविला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, कारण न समजतांहि उपाय सांपडलेला होता, आणि तो ह्याच देशांत, मराठ्यांशीं झालेल्या शेवटच्या युद्धाच्या प्रसंगीं सांपडला होता. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत बुंदेलखंडांत लॉर्ड हेस्टिंग्ज ह्याच्या सैन्यांत पटकी शिरली व तिनें छावणींत हाहाकार केला. तेव्हां सैन्य तेथून हलवून बेटवा नदीकांठीं एरिच येथें नेण्यांत आलें, आणि रोगाचा जोर ओसरला. पुढील वर्षीं हीच सांथ दक्षिणेंत व मुंबईस पोंचली. तेव्हांपासून सांथ आली असतां छावणी हलवावी व पाणी बदलावें हा लष्कराचा परिपाठच होऊन बसला. घाटावरील साहेबांस हा परिपाठ अपरिचित असणें संभवत नाहीं.

बर्कली ह्याच्या लेखाचा पुरावा ह्या बाबतींत फार मोलाचा आहे. इ. स. १८६० मध्यें लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें त्यानें हिंदुस्थानांतील लोहमार्गांवर निबंध वाचला. त्यांत तो सांगतो कीं, आठ महिन्यांची उघाड कामास अनुकूल आहे खरी. परंतु पटकी व ताप ह्यांच्या सांथी वारंवार उद्भवतात, मजूर प्रकृतीनें दुबळे असतात, निवारा व वस्त्र ह्यांची त्यांस फार वाण असते, त्यामुळें ते लवकर बळी पडतात, आणि उघाडीचा लाभ तेवढ्यापुरता वायां जातो. ह्या विधानाचे दोन भाग लक्षपूर्वक पाहिले पाहिजेत. निवारा व वस्त्र नसणें हें कारण तो स्वतःच नमूद करतो. आणि ह्या दोन गोष्टी दैवाच्या हातच्या नव्हत्या, पैशाच्या होत्या. विधानाचा शेवट मात्र मजुरांच्या हानीवर न होतां हंगामाच्या हानीवर होतो. बर्कली निर्दय होता असें ह्यावरून म्हणणें अन्यायाचें होईल; त्याच्या धंद्यांत वेळ हाच हिशेबाचा विषय होता. माणसें कोणाच्याच हिशेबांत नसल्यामुळें तीं वेळेच्या सदरांत खर्ची पडलीं, एवढेंच.

४

मजुरांपाशीं मात्र आपला एक उपाय होता. तो म्हणजे पळून जाणें. पटकी, जरीमरी किंवा मरीआईचा कोप, कोणत्याहि नांवानें ओळखली तरी ती ठिकाणाशीं बांधलेली आहे व ठिकाण सोडलें असतां तिच्यापासून सुटका होते, हा अनुभव आपल्या खेड्यांत जुना आहे. मरीआईचा गाडा गांवाच्या शिवेबाहेर पोंचविण्याची रीत ह्याच समजुतींतून निघाली. हेस्टिंग्जच्या सैन्यानें बेटवेकांठीं जें केलें तेंच घाटावरील टोळी करूं पाही. फरक एवढाच कीं, सैन्याचें जाणें हुकुमानें झालें म्हणून तो आरोग्याचा उपाय ठरला, आणि मजुराचें जाणें हुकुमाशिवाय झालें म्हणून तें काम टाकून पळणें ठरलें.

ह्या पळण्यांत धोका नव्हता असें नाहीं. रोगाची लागण झालेला मनुष्य गांवीं पोंचला म्हणजे गांवच्या विहिरीसहि ती पोंचण्याचें भय असे. म्हणून टोळी व्यवस्थेनें हलविणें, नव्या जागीं पाणी राखणें व त्या दिवसांची मजुरी चालूं ठेवणें हाच खरा मार्ग होता. परंतु मजुरी बंद करून जागीं धरून ठेवणें किंवा मजुरी बुडवून जाऊं देणें ह्या दोनच गोष्टी त्या व्यवस्थेंत सहज होत्या.

ह्याच सुमारास झालेले दोन कायदे ह्या दृष्टीनें वाचण्यासारखे आहेत. १८५९ च्या १३ व्या कायद्यानें उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास व मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें उभें करून शिक्षा देण्याची तजवीज झाली. तो आरंभीं इलाख्यांच्या राजधान्यांपुरता असून सरकारास इतरत्र लागू करतां येत असे. रद्द होण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. १८६० चा ९ वा कायदा लोहमार्गादि कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें झटपट तोडावे ह्यासाठीं होता. घाटावरील दंग्यासारखे प्रसंग त्याच्या मुळाशीं होते. पहिल्या कायद्यानें मजुराचें पळणें मोजलें, दुसऱ्यानें त्याची मजुरी मोजली. त्याच्या मरणाची नोंद ठेवण्याचें बंधन मक्तेदारावर दोहोंपैकीं एकानेंहि घातलें नाहीं.

५

सरकारास माणसें मोजतांच येत नव्हतीं अशी शंका कोणास येईल, तर तिचें निरसन त्याच वर्षांच्या दुसऱ्या एका दप्तरानें होतें. इ. स. १८५९ मध्यें हिंदुस्थानांतील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं विलायतेंत एक राजकीय कमिशन नेमण्यांत आलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा ह्या चौकशींत मोठा हात होता. लष्करी ठाण्याठाण्यांस छापील प्रश्न पाठवून पाणी कोठून येतें, मोऱ्या कशा आहेत, एका माणसास बराकींत किती जागा मिळते, ह्याची माहिती मागविण्यांत आली. कमिशनचा अहवाल १८६३ मध्यें, म्हणजे बोरघाट खुला झाला त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसून आलें कीं, ह्या देशांत गोऱ्या शिपायांचा मृत्यु दीर्घकाळच्या सरासरीनें दर सालीं हजारीं ६९ होता.

ह्या एका आकड्यानें मोठें कार्य केलें. १८६४ मध्यें तिन्ही इलाख्यांत आरोग्यविषयक कमिशनें बसलीं. बराकी नव्या झाल्या. पाणी व मोऱ्या सुधारल्या. आणि १८७३ च्या सुमारास नाइटिंगेल हिनें हाच दर हजारीं १८ वर आल्याचें लिहिलें. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, ह्या चौदा वर्षांत पटकीचा जंतु कोणास गवसला नव्हता. कमिशनचे बहुतेक सभासद दूषित हवेसच मानणारे होते. तरीहि मृत्यु कमी झाले, कारण ते मोजले जात होते आणि त्या मोजणीचा जाब सरकारास द्यावा लागत होता. शिपायाच्या भरतीस व प्रवासास पैसा पडे. तो मेला तर तिजोरीस तूट येई. मजूर मेला तर दुसरा येई.

१८५९ ते १८६३ हीं दोन्ही दप्तरांचीं वर्षें एकच आहेत. सरकार एकच, रोग एकच. एकीकडे दर हजारीं ६९, दुसरीकडे अंदाज. बोरघाटाच्या इतिहासांत ह्याहून बोलका पुरावा मला दुसरा दिसत नाहीं.

६

हा निष्कर्ष एकाच उदाहरणावर उभा राहूं नये म्हणून परदेशांतील एका बांधकामाकडे वळूं. पनामाच्या कालव्याचें काम प्रथम लेसेप्सच्या फ्रेंच कंपनीनें १८८१ ते १८८९ पर्यंत केलें. कंपनीनें आंकोन येथें मोठें रुग्णालय बांधलें होतें; पैशाची कसूर नव्हती. परंतु तेथें मजूर ठेवण्याचा रोजचा आकार मक्तेदारावर पडे, आणि म्हणून आजारी दिसलेल्या मजुरास कामावरून काढून टाकणें मक्तेदारास परवडे, असें पुढें गॉर्गस ह्यानें लिहून ठेविलें आहे. असा मनुष्य रस्त्यांत मेला तर तो कोणाच्याच यादींत येत नसे. रुग्णालयाच्या नोंदींवरून व बाहेर मेलेल्यांचा अदमास धरून त्यानें फ्रेंच काळांतील बळी सुमारें २२,००० ठरविले. येथेंहि पुनः अंदाजच.

अमेरिकनांनीं काम १९०४ मध्यें हातीं घेतलें, तेव्हां ज्ञान पुढें गेलें होतें. हिवतापाचा डांसाशीं संबंध रोनाल्ड रॉस ह्यानें १८९७ मध्यें आपल्याकडे सिकंदराबादेस दाखविला होता, आणि पीतज्वराविषयीं तीच गोष्ट हवाना येथें १९०० मध्यें सिद्ध झाली होती. गॉर्गस ह्यानें पाण्याचे नळ आणले, डबकीं बुजविलीं, घरांस जाळ्या लावल्या व धुरी दिली. १९०५ च्या अखेरीस पनामा शहरांतून पीतज्वर गेला. ह्यांत ज्ञानाचा वांटा मोठा आहे हें नाकारणें योग्य नव्हे; केवळ मोजल्यानें कोणी वांचत नाहीं. परंतु येथें मजूर थेट सरकारच्या हजेरीपटावर होता, आणि म्हणून १९०४ ते १९१४ पर्यंतचा आकडा अंदाजाचा नाहीं: रोगानें व अपघातानें ५,६०९ मृत्यु. त्यांपैकीं सुमारें ४,५०० मजूर वेस्ट इंडीज बेटांतील काळे लोक होते. त्यांचीं घरें गोऱ्यांच्या घरांहून फार हलक्या प्रतीचीं होतीं, हें ह्याच नोंदींच्या आधारें आज सांगतां येतें. गणतीनें अन्याय नाहींसा होत नाहीं. पण तो झांकला मात्र जात नाहीं.

७

ही सर्व जुनी हकीकत झाली, असें समजण्याचें कारण नाहीं. इ. स. १९९६ मध्यें आपल्या देशांत इमारती व इतर बांधकामांवरील मजुरांचा कायदा झाला व बांधकामाच्या खर्चावर निदान शेंकडा एक उपकर बसवून मजुरांच्या कल्याणाचा निधि उभारण्याची व्यवस्था झाली. मार्च १९२० नव्हे, तर मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें देशभर कामें बंद पडलीं, तेव्हां ह्या निधींतून मजुरांच्या खात्यांत थेट पैसे भरावे असें केंद्र सरकारनें राज्यांस कळविलें. त्या वेळीं निधींत सुमारें ५२,००० कोटि रुपये व नोंदलेले मजूर सुमारें साडेतीन कोटि असल्याचें सांगण्यांत आलें. बोरघाटाच्या मानानें ही प्रगति थोडी नव्हे. तथापि मदत नोंदलेल्यांकरितां होती. ज्याचें नांव मुकादमाच्या वहींतून सरकारी पटावर चढलें नव्हतें त्याच्यापुढें १८६० मधील मजुराचाच मार्ग उरला, म्हणजे पायीं गांवाकडे निघणें. आणि तसे लक्षावधि लोक निघाले.

ह्यावरून आपल्यासारख्या कागदपत्रांच्या संग्राहकांचें एक कर्तव्य निघतें. बोरघाटाचा इतिहास आजवर कंपनीच्या व सरकारच्या इंग्रजी दप्तरांवरून लिहिला गेला. परंतु मजूर आले ते देशावरील व कोंकणांतील गांवांतून, आणि त्यांचे व्यवहार झाले ते मोडी अक्षरांत. मुकादमांच्या हजेरीच्या वह्या, उचल दिल्याचे कागद, पेढ्यांच्या कीर्दी व खतावण्या, घाटावरून गांवीं पाठविलेल्या पैशाच्या चिठ्या, कुळकर्णी दप्तरांतील १८५६ ते १८६३ ह्या सालांच्या मयत व परागंदा कुळांच्या नोंदी, असे कागद जेथें निघतील तेथें ते फुटकळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. सनद व तहनामा ह्यांस आपण जपतों. पण "अमुक टोळींतील अमुक असामी घाटावर मयत" एवढी एक ओळ जरी हातीं लागली, तरी जें काम त्या वेळच्या कंपनीनें व सरकारनें केलें नाहीं त्यांतला एक अंश पुरा होईल. २५,००० हा आकडा खरा कीं खोटा ह्याचा निर्णय वादानें होणार नाहीं. तो अशा ओळी गोळा करूनच होईल. तोंपर्यंत कातळाचा आकडा पक्का आणि माणसांचा कच्चा, ही विषमता त्या घाटाच्या इतिहासावर राहणारच.